फोटोला जाताना सोबत कोण?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उल्हासनगरात कॅम्प नंबर पाचच्या बाजूच्या एका वस्तीत आमच्या गटाची महिन्याची बैठक होती. विषय रेशनकार्डांचा. बैठक उठायच्या वेळी दाराशी बसलेली एक मुलगी उभी राहिली. वय एकोणीस, बारावी झालेली, कपड्यांच्या दुकानात काउंटरला उभी राहणारी. तिची आई गटात पहिल्यापासून आहे; घरी बसून जीन्सचे धागे कापते. त्या दिवशी आई आली नव्हती, बहुधा म्हणूनच मुलीला बोलायचे धाडस झाले. म्हणाली, "ताई, रविवारी अंधेरीला माझं फोटोशूट आहे. मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ करायचाय. तुमच्यातलं कुणी सोबत येईल का?"

एकदोघी हसल्या. एकीने विचारले, "कपडे कसले घालणार?" दुसरी म्हणाली, "आईला माहीत आहे का?" आणि मी, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, गेली दहा वर्षे वस्त्यांतून काम करणारी कार्यकर्ती, पंधरा मिनिटे बोलले. बाजारपेठ स्त्रीच्या देहाचे काय करते, सौंदर्याचे साचे कोण ठरवते, जाहिरातीतली बाई कुणासाठी उभी असते. त्यातले एक वाक्यही आज मला मागे घ्यावेसे वाटत नाही. मुलीने मान खाली घालून ऐकले आणि ती बसली. "मी येते" असे आमच्यातली एकही म्हणाली नाही.

रविवारी ती एकटी गेली. घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितले. साठवलेले आणि भिशीतून उचललेले मिळून दहा हजार रुपये दिले. स्टुडिओत शिरताच इंग्रजीतला एक कागद पुढे आला, त्यावर न वाचता सही केली. तीन पोशाख झाले. त्यातला एक कुर्ता फोटोग्राफरनेच दिला होता, "एथनिक लूकसाठी." मग तो म्हणाला, आता एक बोल्ड सेट करू, त्याशिवाय एजन्सी पोर्टफोलिओ बघतसुद्धा नाहीत. ती नाही म्हणाली. त्याचा आवाज बदलला. फोटो आठवड्याने देतो म्हणाला. आठवड्याचे तीन महिने झाले. दुकानातून अर्धा दिवस सुटी घेऊन ती चार वेळा अंधेरीला जाऊन आली.

चौथ्या महिन्यात शेजारच्या बाईने मोबाईलवर तिचाच फोटो तिच्या भावाला दाखवला. कुठल्याशा विक्रेत्याच्या कुर्त्यांच्या जाहिरातीत ती उभी होती. अंगभर कपडे, साधा कुर्ता. तरीही घरात भांडण पेटले, मोबाईल फुटला, नोकरी सुटली आणि स्थळे बघायला सुरुवात झाली. ती आमच्याकडे आली ती लग्न थांबवायला. फोटोग्राफरची तक्रार करावी असे तिच्या मनातही नव्हते. "चूक माझीच ना," म्हणाली. आणि मग जरा वेळाने, "ताई, त्या दिवशी तुम्ही एवढं बोललात, पण कागद वाचून सही कर, एवढं नाही सांगितलंत."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहिते आहे.

आपण कुठे पाहत होतो?

घडले काय ते नीट पाहू. कुर्ता त्या विक्रेत्याचा होता. म्हणजे त्या दिवशी तिच्याकडून विक्रेत्याच्या मालाची जाहिरात करून घेतली गेली. जाहिरातीत उभे राहणाऱ्या मुलीला त्या कामाचे पैसे मिळायला हवेत. इथे तिनेच दहा हजार मोजले होते. पैसे भरून तिने फुकट काम केले, आणि बदनामी पुन्हा तिच्याच पदरात पडली.

आमचे सगळ्यांचे लक्ष तिच्या कपड्यांकडे आणि देहाकडे होते. भावाचेही तिथेच होते. तिच्या मजुरीची चोरी झाली, हे त्याला दिसले नाही आणि आम्हालाही दिसले नाही. भावाचे सोडा. तिची आई नगावर धागे कापते. ठेकेदार माल परत करतो, नग कमी मोजतो, पैसे लांबवतो, तेव्हा आपण ते शोषण चटकन ओळखतो. मुलीने त्याच जीन्स घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे ठरवले की आपली नजर अचानक बदलते. एकाच मालावर आई घरात बसून राबते आणि मुलगी स्टुडिओत उभी राहून राबते. दोघींचाही दर ठरलेला नाही, दोघींच्याही हातात कागद नाही. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा ठराव केला, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. तो मुद्दा आपण शिबिरांतून मांडतो. फोटोला उभ्या राहणाऱ्या मुलींचा मुद्दा मात्र आपल्या एकाही शिबिरात आलेला मला आठवत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हे काम नवे राहिलेले नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उल्हासनगर उभे राहिले. तिथे कपड्यांचा आणि जीन्सचा मोठा धंदा वाढला. जपानी बाजार, गजानन मार्केट ही नावे ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला माहीत आहेत. आता हा माल मोबाईलवर विकला जातो, म्हणजे प्रत्येक नव्या नगासाठी कुणीतरी तो घालून उभे राहायला हवे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत मुलींना मिळतात त्या ठेकेदारीच्या नोकऱ्या. अशा वेळी उंच, सडपातळ, आत्मविश्वासाने बोलणाऱ्या मुलीला कुणी म्हणाले, "तू मॉडेलिंग का नाही करत?" तर तिने त्याचा विचार करू नये, असे आपण कुठल्या तोंडाने सांगणार?

आपला इतिहास आणि त्यातली अडचण

चळवळीची या प्रश्नावरची भूमिका आकाशातून पडलेली नाही. ऐंशीच्या दशकात आपल्या थोरल्या मैत्रिणींनी सिनेमाच्या बीभत्स पोस्टरांना काळे फासले. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा आला. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांना जागतिक किताब मिळाले आणि गल्लोगल्ली सौंदर्यस्पर्धा सुरू झाल्या. त्याच वर्षी जळगावचे वासनाकांड उघडकीस आले. मुलींची छायाचित्रे आणि चित्रफिती हाताशी धरून त्यांना कसे वेठीला धरले जाते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. फोटो म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो, त्यामागे हे सगळे आहे.

पण त्याच काळाने आपल्याला एक इशाराही दिला होता. १९९५ साली एका बुटांच्या जाहिरातीत मधु सप्रे आणि मिलिंद सोमण विवस्त्र उभे राहिले. त्यावर खटला झाला आणि तो २००९ पर्यंत चालला. दोघेही निर्दोष सुटले. मधु सप्रे ही नागपूरची खेळाडू मुलगी, १९९२ ची मिस इंडिया. चौदा वर्षे एका बाईला तिच्या कामासाठी कोर्टात खेचले गेले. १९९६ साली बंगळुरूला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली, तेव्हा स्त्री संघटना विरोधात उतरल्या आणि शेजारी पाहिले तर संस्कृतिरक्षकही त्याच रस्त्यावर उभे. आपण म्हणत होतो, बाईची वस्तू करू नका. ते म्हणत होते, आमच्या बाईने घरात राहावे. लांबून ऐकणाऱ्याला दोन्ही घोषणा सारख्याच वाटल्या.

हा फरक आपण पुढे डान्सबारच्या वेळी शिकलो. २००५ साली महाराष्ट्र सरकारने बारमधल्या नाचावर बंदी आणली, तेव्हा अनेक स्त्री संघटनांनी आधी वाद घातला, मग बारबालांच्या बाजूने उभे राहायचे ठरवले. नाच आवडतो म्हणून नव्हे, बंदीने बायकांची रोजीरोटी जाते म्हणून. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. धंद्याबद्दल प्रश्न विचारत राहायचे आणि त्या धंद्यातल्या बाईच्या पाठीशीही उभे राहायचे, हे तेव्हा आपल्याला जमले. मग पोर्टफोलिओला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत का जमू नये?

तयारी म्हणजे काय?

मुली पोर्टफोलिओची तयारी मोबाईलवर बघून करतात. त्यातले बरेच सल्ले बरोबरच असतात. आदल्या दिवशी नवे फेशियल किंवा ब्लीच करू नये, चेहऱ्यावर पुरळ येते. घट्ट इलॅस्टिकचे कपडे घालून जाऊ नये, अंगावर वळ राहतात. कातडीच्या रंगाचे आतले कपडे, इस्त्रीचे साधे टी-शर्ट, मापाची जीन्स, सेफ्टी पिना, एक जोडी उंच टाचेची चप्पल. झोप पुरी हवी. हे सांगणारे बहुधा मोटारीने स्टुडिओत जातात. आमची मुलगी इस्त्रीचे कपडे पिशवीत घालून बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात उभी राहते, घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीला पोचते. तोवर इस्त्री मोडलेली आणि चेहरा घामेजलेला. म्हणून तिला सांगायचे ते असे: कपडे गुंडाळून न्या, हँगरच्या भानगडीत पडू नका, तासभर आधी पोचा, डबा आणि पाणी बरोबर ठेवा, कारण उपाशी पोटी सहा तास उभे राहणे जमत नाही. परतीची गाडी कोणती, ते आधी ठरवा आणि शूट त्या वेळेत संपेल असे कबूल करून घ्या.

याहून मोठी तयारी फारसे कुणी सांगत नाही. आम्ही ती आता गटात लिहून काढली आहे.

पहिली गोष्ट, सुरुवातीलाच महागडा पोर्टफोलिओ लागतोच असे नाही. चांगल्या एजन्सी आधी मेकअपशिवाय, साध्या कपड्यांतले, समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचे फोटो बघतात. ते खिडकीच्या उजेडात मैत्रीणही काढू शकते. एजन्सीची कमाई मुलीला मिळालेल्या कामातल्या टक्केवारीतून व्हायला हवी. जी आधी नोंदणीचे पैसे मागते, किंवा आमच्याच फोटोग्राफरकडून फोटो काढा म्हणते, तिचा धंदा फोटो विकण्याचा आहे, काम देण्याचा नाही.

दुसरी, किती पोशाख, किती फोटो, किती तास, किती पैसे, फोटो कोणत्या तारखेला मिळणार, हे सगळे आधी लिहून घ्यायचे. निदान मोबाईलवर संदेशात तरी. पैसे दोन हप्त्यांत द्यायचे, अर्धे फोटो हातात आल्यावर.

तिसरी, कोणते कपडे घालणार नाही, हे घरून ठरवून जायचे आणि आधी कळवायचे. ऐनवेळी समोर आलेल्या "एक बोल्ड सेट"ला नाही म्हणणे एकटीला जड जाते, कारण तोवर मेकअप झालेला असतो, पैसे दिलेले असतात, माणसे थांबलेली असतात. आणि मुलीने स्वतः विचार करून तसा सेट करायचे ठरवले, तर तो तिचा निर्णय. ठरवणारी ती असावी, एवढाच आपला आग्रह.

चौथी, कपडे बदलायला कडी असलेली खोली हवी. हल्ली कोंडेश्वर किंवा बारवी धरणाच्या बाजूला नेऊन फोटो काढतात. तिथे आडोसा नसतो आणि यायला-जायला फोटोग्राफरचीच गाडी. बाहेरचे शूट असेल तर सोबत हवीच.

पाचवी, मेकअपवाल्याला सांगायचे की रंग मानेशी जुळवा. आमच्या मुलीचे फोटो शेवटी हाती आले, तेव्हा चेहरा एका मुलीचा आणि हात दुसरीचे दिसत होते. १९७५ साली बाजारात आलेल्या क्रीमच्या नावातले "फेअर" २०२० मध्ये गेले, पण मेकअपच्या डब्यातून ते अजून गेलेले नाही. गोरेपणाविरुद्ध आपण पथनाट्ये करतो; मेकअपच्या खुर्चीत बसलेल्या मुलीला "माझा रंग बदलू नका" एवढे म्हणायचे बळ दिले, तर ती त्याच लढाईची पुढची पायरी आहे.

कायदा काय म्हणतो?

हे आपल्यालाच नीट माहीत नव्हते, म्हणून इथे नोंदवते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल, आणि उलट काही लिहून दिलेले नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारी व्यक्ती असते. म्हणून तो सहीचा कागद महत्त्वाचा. मालकी, विक्री, जाहिरात हे शब्द कुठे आहेत ते शोधायचे, नको ते खोडायचे, त्याची प्रत मागायची. फोटोग्राफर फुकटात फोटो काढून देत असेल, तर हे कलम मदतीला येत नाही. तिथे आधी लिहून घेणे आणखी गरजेचे.

कपडे बदलताना चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. अशा खासगी क्षणाचे चित्र घ्यायला बाईने संमती दिली असेल पण ते इतरांना दाखवायला दिलेली नसेल, तर ते पसरवणे हाही गुन्हाच, असे त्या कलमातच स्पष्ट केले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई आहेच. घटना अंधेरीत घडली तरी तक्रार आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर पॉक्सो कायदा लागू होतो.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरदार बायकांचा, असा एक समज आहे. त्यातली पीडित स्त्री त्या ठिकाणी नोकरीला असलीच पाहिजे असे नाही. स्टुडिओ हे कुणाचे तरी कामाचे ठिकाण आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या जागी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. तीन महिन्यांच्या आत, लेखी. आपल्या किती गटांकडे आपापल्या जिल्ह्याच्या समितीचा पत्ता आहे?

आमच्या मुलीच्या कागदात स्टुडिओच्या स्वतःच्या जाहिरातीची मुभा होती, दुसऱ्याला फोटो विकायची नव्हती. तेवढा मुद्दा लिहून आम्ही तिघी तिच्याबरोबर गेलो. तीन महिने न मिळालेले फोटो अर्ध्या तासात मिळाले. विक्रेत्याने जाहिरात काढली. मजुरीचे पैसे मात्र अजून दिलेले नाहीत.

सोबत आणि पहारा

एक शंका मैत्रिणी घेतील, आणि ती रास्त आहे. अशी मदत करून आपण याच बाजाराला माणसे पुरवत नाही का? मलाही हा प्रश्न पडतो. रुंद खांद्यांच्या, सावळ्या, जाड मुलींना हा धंदा दारातच अडवतो. ज्यांना आत घेतो त्यांना उपाशी ठेवतो आणि तिशीत टाकून देतो. हे मुलींना सांगायलाच हवे, पण जी निघाली आहे तिच्याबरोबर चालता चालता सांगायला हवे. वाट अडवून सांगितलेले तिला आईच्या बोलण्यासारखेच ऐकू येते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आली आणि २० तारखेला माणसे रेल्वेच्या रुळांवर उतरली. तो संताप खरा होता. पण त्यानंतर कित्येक घरांत काय झाले, ते आम्ही वस्त्यांतून पाहिले. मोठ्या मुलींचे क्लास बंद, संध्याकाळी बाहेर पडणे बंद. सुरक्षितता म्हटले की आपल्याकडे मुलीलाच आत ठेवतात. स्त्री संघटनेची सोबत या पहाऱ्यासारखी असून चालणार नाही. पहारेकरी ठरवतो कुठे जायचे. सोबतीण विचारते, कुठे जायचे आहे?

त्या मुलीचे लग्न तूर्त थांबले आहे. आईने थांबवले. आम्ही स्टुडिओतून परत आलो त्या रात्री तिने फोटो पाहिले, एकेक. म्हणाली, "ही पॅन्ट आपल्याच गल्लीतली. हिचे धागे मीच कापले असतील." मग मुलीला विचारले, "किती देतात उभं राहायचे?" मुलीला सांगता आले नाही. आईचा राग अजून गेलेला नाही. पण आता ती दर विचारते.

आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. मुलीने मागितली तर रविवारी एक बाई सोबत जाईल. तिचे गाडीभाडे गट देईल. सहीचा कागद आधी मागवून वाचला जाईल. आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात फोटोला उभ्या राहणाऱ्या मुलींची एक बैठक घेऊन कामाचे दर एकमेकींना सांगितले जातील, कारण धागे कापणाऱ्या बायकांचीही पहिली ताकद एकमेकींचा दर कळण्यातूनच आली होती. पहिल्या बैठकीला पाचजणी आल्या. त्यातल्या दोघींच्या घरी माहीत नाही.

इतर गावांतल्या गटांकडे अशा मुली येत असतील. येत नसतील, तर का येत नाहीत, याचाही विचार करावा. आपले अनुभव आणि मतभेदही या पानांवर जरूर कळवा.